मागून जेवणाऱ्या बेबीताई

आमच्या हॉस्टेलच्या जुन्या मुलींचा अजूनही मधूनच फोन येतो. लग्न होऊन कोणी पुण्याला गेलेली असते, कोणी हैदराबादला नोकरी करत असते. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलून झालं की मूळ मुद्दा बाहेर येतो. "मॅडम, मावशींच्या त्या सोया पनीरच्या भाजीचं प्रमाण सांगा ना. माझं काही केल्या तसं होत नाही." मी अकोल्यात तीस वर्षं आहारशास्त्र शिकवलं, त्यातली बारा वर्षं कॉलेजच्या हॉस्टेलची रेक्टर होते. प्रमाण सांगणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तरी मी सांगते ते प्रमाण चुकतंच, कारण ते मी बाजूला उभी राहून, बेबीताईंच्या हाताकडे बघून अंदाजानं लिहून घेतलेलं आहे. त्यांच्या हाताकडे मी पुष्कळ बघितलं. तोंडाकडे बघितलं नाही, आणि बघायला हवं होतं ते तिथेच.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गोष्ट रंगवायचा मोह मला व्हायचा नाही. बेबीताईंना तोंडाचा कॅन्सर झाला होता. जवळजवळ वर्षभर त्यांना नीट जेवता येत नव्हतं. त्या वर्षभर त्या रोज साठ मुलींचा स्वयंपाक करत होत्या, आणि त्या साठ मुलींना काय किंवा त्यांच्या आहारशास्त्रवाल्या रेक्टरला काय, कोणालाही ते कळलं नाही. बेबीताई गेल्या त्याला येत्या पोळ्याला दोन वर्षं होतील. माझ्या मनातून मात्र ते वर्ष अजून गेलेलं नाही.

साठीला आलेल्या बाईचं नाव बेबी, याचं नव्या मुलींना दर वर्षी हसू यायचं. त्या पिढीत आमच्या वऱ्हाडात घरटी एक तरी बेबी असायची, हे त्या पोरींना कुठून माहीत असणार? बेबीताई पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "हासा, हासा. मी का जन्माले आली तवाच मावशी होती का वं?" उंचीनं बुटक्या, रंगानं सावळ्या, कपाळावर गोंदणाचा ठिपका, पदर कमरेला खोचलेला. राहायच्या जुन्या शहरात. तिथून मोर्णेचा पूल ओलांडून पहाटे पायीच यायच्या. ऑटोत बसा म्हटलं तर म्हणायच्या, "मंग चूल पेटवाच्या आंधी आंग कसं गरम होईन?" माहेर माळ्याचं. भाऊ नदीकाठी भाजी पिकवायचा आणि सकाळी मोटरसायकलवर दोन्ही बाजूंनी पोती लटकवून आमच्या दारात उतरवायचा. भावाशी सुद्धा त्यांची वांग्यावरून भांडणं व्हायची. नवरा फार आधी गेलेला. एकच मुलगी, वर्षा. ती अमरावतीजवळ नांदगाव पेठेला कापडाच्या एका कारखान्यात शिलाईवर होती.

स्वयंपाक करताना त्या कधीच चव घेत नसत. एकदाही नाही. भाजी झाली की आधी एका छोट्या वाटीत काढून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या देवाच्या फोटोपुढे ठेवायची, हात जोडायचे, आणि मगच मुलींची ताटं वाढायची. देवाला दाखवण्याआधी जीभ लावलेलं अन्न उष्टं, ही आमच्याकडे घरोघरची रीत. माझी आईही अशीच होती. म्हणून मला त्यात विशेष काही वाटलं नाही, उलट कौतुकच वाटायचं. मीठ बरोबर पडलं की नाही हे कसं कळतं, असं मी एकदा विचारलं. त्यांनी मूठ उघडून दाखवली. "हे सांगते." फोडणी त्या कानानं ओळखायच्या, आणि मसाला झाला की नाही ते डोळे मिटून, पातेल्यावर वाकून, नाकानं.

दुसरी रीत सगळ्यांच्या मागून जेवण्याची. मुली जेवल्या, मी जेवले, पोळ्यांना मदत करणाऱ्या दोघी बाया जेवून गेल्या, की बेबीताई आपलं ताट घेऊन मागच्या मोरीजवळच्या ओट्यावर बसायच्या. दाराकडे पाठ, भिंतीकडे तोंड. जेवणाऱ्या बाईच्या ताटात डोकावू नये, असं आम्हा मुलींना लहानपणापासून शिकवलेलं. मीही कधी डोकावले नाही. त्या काय खातात, किती खातात, खातात तरी का, हे बारा वर्षांत मला ठाऊक नव्हतं. आहारशास्त्राच्या प्राध्यापकाला हे शोभत नाही, पण खरं आहे.

आता सोया पनीरबद्दल. ते हॉस्टेलात आणलं मी. एका वर्षी मुलींच्या रक्ताची तपासणी झाली आणि निम्म्याहून जास्त मुलींचं रक्त कमी निघालं. अकोल्याहून अमरावतीला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनच सोयाबीन, आणि त्या शेतांच्या मालकांच्या मुली आमच्याकडे भात आणि आलूच्या भाजीवर जगत होत्या. जवळच्या एका गावात बचत गटाच्या बायकांनी शिकून सोया पनीर करायला घेतलं होतं. मी त्यांना मंगळवार आणि शुक्रवार ठरवून दिले. पहिल्या मंगळवारी पाण्यात बुडवलेल्या पांढऱ्या लाद्यांची बादली आली. बेबीताईंनी एका लादीत बोट रुतवून बघितलं.

"हे काय आणलं म्याडम? साबन?"

"सोयाबीनचं पनीर आहे. इंग्रजीत टोफू म्हणतात."

"सोयाबीनचं तं तेल निंगते, अन् ढेप ढोरायले जाते. हे पोरीयले चाराचं?"

मी म्हटलं म्हणून त्यांनी ते टमाट्याच्या रश्शात टाकलं. जेवणं झाली तेव्हा प्रत्येक ताटाच्या कडेला पांढरे तुकडे ओळीनं मांडलेले. बेबीताईंनी ते सगळे एका परातीत गोळा केले आणि ती परात घेऊन थेट माझ्या ऑफिसात आल्या. समोर कॉलेजचे क्लार्क बसलेले, त्यांचीही पर्वा नाही. मी घाईघाईनं प्रथिनांवर बोलू लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पोटाले काय पाह्यजे ते तुमाले बराबर समजते. पण पोटाच्या आंधी तोंड लागते ना म्याडम." क्लार्क हसले. मलाही हसू आवरलं नाही.

पण परात उचलून नेताना त्या एवढंच म्हणाल्या, "शुक्करवारी पाहू." पुढचे दोन आठवडे त्या त्याच्या मागेच लागल्या. आधी लादी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून वर वरवंटा ठेवायचा, की तासाभरात तिच्यातलं पाणी निघून जातं. मग बोटाएवढ्या जाडीचे तुकडे करून लोखंडी तव्यावर फल्लीच्या तेलात लाल होईपर्यंत परतायचे. फल्ली म्हणजे आमच्याकडे भुईमूग. दाणेही फल्लीचेच, मंद आचेवर भाजलेले. दाणे भाजताना बेबीताई कोणाशी बोलत नसत. साल तडकायला लागलं की हातात एक दाणा चोळून बघायच्या, फोलपट सुटलं की कढई खाली. सुपात पाखडून फोलपटं उडवायची, आणि लसूण, भिजवलेल्या लाल मिरच्या, थोडं भाजलेलं खोबरं घालून जाडसर वाटायचं. बारीक वाटलं तर त्यांना राग यायचा. ते वाटण कांद्यावर तेल सुटेपर्यंत परतलं की वर कढत पाणी, चिंचेचा कोळ, गुळाचा लहानसा खडा. वर लाल तर्री आली की भाज्या. त्या वेगवेगळ्या अर्धकच्च्या वाफवलेल्या असायच्या, कारण "गाजर अन् फुलकोबी एका टायमाले शिजत नसते, तिले वाट पाहा लागते." सोया पनीर सगळ्यात शेवटी. झाकण ठेवून आच बंद. वर मूठभर सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर.

दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी त्या मोरीजवळ कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. एकेक ताट येत गेलं, आणि बहुतेक ताटं बोटानं पुसून खाल्लेली. शेवटचं ताट त्यांनी उचललं, माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "हे तं धुवाचंबी काम नाई." त्या दिवसापासून मुलींनी मंगळवार-शुक्रवारी बाहेर जेवायला जाणं बंद केलं. मला प्राध्यापक म्हणून मान मिळाला तो भाषणांमुळे कमी आणि त्या भाजीमुळे जास्त, हे मला आजही कबूल आहे.

पुढे एकदा बाहेरगावाहून कॉलेज बघायला काही मंडळी आली. त्यांतल्या एक बाई, बोलायला फार गोड, स्वयंपाकघरात शिरल्या आणि वही काढून बसल्या. दाणे किती ग्रॅम, मिरच्या किती, तेल किती चमचे. बेबीताई प्रत्येक प्रश्नाला "पाहून घ्याचं" असं उत्तर देत होत्या. शेवटी बाईंनी चमचा पुढे केला. "मावशी, तुम्हीच चाखून सांगा ना, आता यात काय कमी आहे?" बेबीताई दोन पावलं मागे सरल्या. "देवाच्या आंधी मी? नाई बाप्पा." मग नैवेद्य झाल्यावर बाईंनीच मोठा घास घेतला आणि त्यांना असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी. बेबीताईंनी गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला आणि माझ्या कानाशी लागून विचारलं, "यायच्या गावी मिरच्या निंगत नाईत का?"

त्यांच्या हाताखालून रोज साठ ताटं जायची, आणि त्या प्रत्येक ताटाकडे बघायच्या. कोणाची पोळी अर्धी राहिली, कोण भात टाकते, कोणाच्या ताटात भाजी नुसती पसरून ठेवलेली आहे, सगळं त्यांना ठाऊक. एक प्रणिता नावाची मुलगी होती, अकोटकडच्या खेड्यातली. पहिल्याच वर्षी तिचे वडील गेले. तेरवी करून ती परत आली, वर्गात बसू लागली, हसू-बोलू लागली. मला वाटलं पोरगी सावरली. तिसऱ्या दिवशी बेबीताई माझ्याकडे आल्या. "थे अकोटची पोरगी खाऊन नाई राहिली." मी म्हटलं, अहो, ती तर रोज जेवायला बसते. "बसते. ताटात कालवते अन् तसंच नेऊन ठेवते. मले ताट दिसते ना." त्या संध्याकाळी सगळ्या जेवून गेल्यावर त्यांनी प्रणिताला स्वयंपाकघरात बोलावलं, पाटावर बसवलं, आणि समोर आपणही बसल्या. काही समजावलं नाही. "मी इथीच बसून हाय. मले काई काम नाई," एवढंच म्हणाल्या. पोरगी आधी नुसती बसून राहिली, मग रडली, मग रडता रडता अर्धी पोळी खाल्ली. हे असं महिनाभर चाललं. प्रणिता पुढे कधी आईला फोन करायची विसरली असेल, पण बेबीताईंना सांगितल्याशिवाय गावाला गेली नाही.

साठ जणींपैकी कोण जेवली नाही हे ओळखणाऱ्या बाईचं स्वतःचं ताट कोणी बघत नव्हतं. ही गोष्ट इतकी उघड होती की लिहिताना मला स्वतःचा राग येतो.

माझं घर अमरावतीला. एक शनिवार सोडून मी घरी जायची, आणि तेव्हा बेबीताई माझ्याकडे वर्षासाठी डबा द्यायच्या. त्यात दाण्याचं वाटण परतून, घट्ट करून भरलेलं असायचं. वर्षानं आपल्या खोलीवर फक्त पाणी घालून उकळायचं, भाजी टाकायची. रविवारी मी नांदगाव पेठेला चक्कर मारून तो डबा पोचवायची. वर्षा आईसारखीच बुटकी, बोलायला सडेतोड. डबा हातात घेतला की तिचा पहिला प्रश्न असायचा, "आई जेवते ना बराबर?" आणि मी म्हणायची, "जेवते की." काय बघून म्हणायची मी? काहीच नाही. तोंडातून निघून जायचं.

ते शेवटचं वर्ष सुरू झालं तेव्हा बेबीताईंचे उपास वाढले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी हे आधीपासूनचे. त्यात मंगळवार आला, शनिवार आला. मी थट्टा केली, "काय बेबीताई, स्वर्गात खोली बुक करून ठेवता का?" त्या पदर तोंडाला लावून हसल्या. हसताना पदर लावायची सवय त्यांना आधी नव्हती. हे मला दिसलं होतं. दुपारी मोरीजवळ उभं राहून त्या गार पाण्यानं बराच वेळ चूळ भरत, तेही मला दिसलं होतं. मला वाटलं मिसरी लावतात, ती धूत असतील. मिसरीवरून मी त्यांना दोनदा भाषण दिलं होतं, आणि भाषण दिल्यावर आपलं काम संपलं असं मानणाऱ्यांतली मी आहे.

त्याच सुमारास त्या स्वतःसाठी सोया पनीर बाजूला काढून ठेवू लागल्या. बिनतिखटाचं, नुसतं वाफवलेलं, मीठसुद्धा नाही. ज्या वस्तूला साबण म्हणाल्या तीच आता आवडीनं खातात, याचा मला इतका आनंद झाला की मी ते वर्गात उदाहरण म्हणून सांगितलं. साठीच्या बाईनं आपला आहार कसा बदलला बघा, तिखट कमी केलं, प्रथिनं वाढवली. मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं. कोणाच्या तरी वहीत ते अजून असेल.

वाळत चालल्या होत्या, तेही दिसत होतं. उपासानं वाळल्या, असं आम्ही म्हणालो. बोलणं कमी झालं होतं. वय झालं, असं म्हणालो. चव घेत नाहीत ती रीत, एकट्या जेवतात ती रीत, जेवत नाहीत तो उपास. त्यांच्या दुखण्याला लपायला आमच्या घरातल्या सगळ्या चांगल्या रीती पुरून उरल्या. आणि स्वयंपाकात तर तसूभर फरक पडला नव्हता. भाजी तशीच झणझणीत, तर्री तशीच लाल.

ते कळलं प्रणितामुळे. ती तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. एका दुपारी गावाहून आणलेले तिळाचे लाडू द्यायला ती सरळ मोरीकडच्या ओट्यावर गेली. जेवणाऱ्या बाईजवळ जाऊ नये हे तिच्या लक्षातच राहिलं नाही, आणि देवानं तिला ते विसरायला लावलं हे बरंच केलं. पाच मिनिटांत ती माझ्या ऑफिसात आली, लाडवाचा डबा हातात तसाच. "मॅडम, मावशी सोया पनीर पाण्यात कुस्करून बोटानं गालात ढकलून राहिल्या आहेत. तोंड उघडतच नाही त्यांचं. आणि रडून राहिल्या आहेत." मी उठले. प्रणिता माझ्या मागून येत पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "मी त्यांना काही बोलले नाही मॅडम, मी नुसती समोर बसले."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी आ करा म्हटलं. बेबीताईंच्या दातांमध्ये दोन बोटंसुद्धा शिरेनात. डॉक्टरांनी कसाबसा दिवा धरून उजव्या गालाच्या आत बघितलं, आणि मग ते बेबीताईंशी बोलायचं सोडून माझ्याशी बोलू लागले. त्यावरूनच मी काय ते समजले. ऑटोत बसल्यावर मी रागानं विचारलं, एवढे महिने सांगितलं का नाही? त्यांना बोलताना त्रास होत होता. थांबून थांबून म्हणाल्या, "तोंडात जखम हाय म्हटलं असतं, तं माह्या हातचं कोनं खाल्लं असतं? तुमी मले घरी बसवलं असतं." मग थोड्या वेळानं, "सांगा, नसतं बसवलं?"

 बसवलंच असतं मी. पगारी रजा देऊन, गोड बोलून, पण त्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलंच असतं, आणि मुलींनीही नाकं मुरडली असती. त्यांना आम्ही पक्के माहीत होतो. आम्हाला त्या माहीत नव्हत्या.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्या घरांत सारखंच असतं. वर्षानं त्यांना अमरावतीला नेलं. ऑपरेशन झालं, उजवा गाल आणि जबड्याचा काही भाग काढला. मग शेक, म्हणजे रेडिएशन. शेकानं तोंड आतून सोलून निघालं. बोलणं गेलं ते गेलंच. नाकातून नळी घातली, वर्षा सकाळ-संध्याकाळ त्यातून पातळ पेज आणि दूध सोडायची. मी दर पंधरा दिवसांनी जायची. हॉस्टेलात दुसऱ्या बाई आल्या होत्या, चांगल्या होत्या. सोया पनीर मात्र मीच बंद केलं. मुलींनी का म्हणून विचारलं तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर कारण सांगितलं.

शेवटची भेट एका रविवारी दुपारी झाली. तेव्हा डॉक्टरांनी वर्षाला सांगून टाकलं होतं की आता घरीच ठेवा. मी गेले तर बेबीताई खाटेवर नव्हत्याच. गॅसपाशी उभ्या होत्या, पदर डोक्यावरून ओढून उजव्या गालावर घट्ट धरलेला, नाकातली नळी कानामागे अडकवलेली. अंगात काही उरलं नव्हतं, ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. "सकाळपासून ऐकूनच नाई राहिली," वर्षा म्हणाली. "तुमी येऊन राहिल्या म्हटलं, तं मले सोया पनीर आणाले पाठवलं." त्यांनी भाजी केली. वाटीत काढली, देवापुढे ठेवली, हात जोडले. मग माझ्यापुढे ताट ठेवलं आणि समोर पाटावर बसल्या.

मी जेवू लागले. दाणे करपले होते. नाकात नळी होती, वास कुठून येणार? मी शेवटच्या घासापर्यंत खाल्लं आणि आणखी मागून घेतलं. वर्षा भिंतीला टेकून बघत होती. एकदम म्हणाली, "म्याडम, एक इचारू? तुमी तं रोज तिच्यासमोर होत्या. मी इचारत होती तवा तुमी म्हनत होत्या, जेवते की. तुमाले खरंच दिसलं नाई?"

मी घास ताटात ठेवला. मी म्हटलं, "दिसत होतं वर्षा. मी विचारलं नाही." यापेक्षा दुसरं खरं उत्तर माझ्यापाशी नव्हतं, आणि ते द्यायला मला इतके महिने लागले होते.

बेबीताईंनी जोरानं जमिनीवर हात आपटला. घशातून आवाज काढून वर्षावर रागावल्या, हातानं काहीबाही खुणा केल्या. वर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हनते, म्या लपवलं. त्यायचा काय दोस." मी नाही म्हणून मान हलवली, पण बेबीताईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. ताट माझ्यापुढून ओढून घेतलं आणि स्वतः उठून मोरीत नेऊन ठेवलं. मला बोलायचं होतं. माफी मागायची होती. कुठून सुरुवात करावी हे न कळून मी सवयीनं पर्स उघडली, सुपारीची डबी काढली आणि चिमूटभर सुपारी तोंडात टाकली. जेवणावर सुपारी ही माझी वीस वर्षांची सवय.

मोरीकडून वळताना त्यांनी ते बघितलं आणि जिथे होत्या तिथेच थांबल्या. मग माझ्यापाशी येऊन खाली बसल्या आणि आपला तळवा माझ्या ओठांखाली धरला. मी लहान मुलासारखी सुपारी त्यावर थुंकले. त्यांनी ती डबीसकट वर्षाकडे दिली आणि खुणेनं तिचा मोबाइल मागितला. वर्षाला आधी कळलं नाही, मग तिनं त्यातला दिवा लावून दिला. बेबीताईंनी माझी हनुवटी धरली आणि खूण केली. उघड.

मी तोंड उघडलं. त्यांनी प्रकाश आत धरला. बोटानं माझा उजवा गाल ओढून आत बघितलं, मग डावा. जीभ वर करायला लावली, खाली बघितलं, दोन्ही बाजूंना बघितलं. त्यांच्या बोटांना लसणाचा वास येत होता. पदर गालावरून सुटला होता, पण त्यांनी तो सावरला नाही. कुठे काही नाही याची खात्री झाल्यावर त्यांनी दिवा बंद केला, आणि माझ्या गालावर दोनदा थोपटलं. एवढं बघायला त्यांना अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.